आर्ट्सच्या बाई

‘‘तुम्ही आर्ट्सच्या ना? मग चित्रकला तुमच्याकडेच!’’

मुख्याध्यापकांनी असं म्हणत रंगीत खडूंचा डबा माझ्या हातात ठेवला, तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. मी आर्ट्सची पदवीधर आहे, हे खरंच. पण बी.ए.ला माझे विषय होते मराठी आणि समाजशास्त्र! चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध सातवीत आला होता. मी काढलेल्या कुंडीकडे बघून सरांनी भरवर्गात ‘ही बादली आहे का गं?’ असं विचारलं आणि तो संपला. त्यानंतर हातात ब्रश धरला तो दिवाळीत पणत्या रंगवण्यापुरता.

ही गोष्ट २०१५ च्या जूनमधली. आमच्या महिला मंडळानं कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या एका खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा आठवड्यातून एक दिवस मदतीसाठी घेतली होती. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक. कुणी गोष्टी सांगायचं, कुणी मुलींशी आरोग्याबद्दल बोलायचं. उरलं ते माझ्या वाट्याला. शनिवारी सकाळची शाळा असते. घरचा चहा-नाश्ता उरकून मी केएमटीच्या पहिल्या बसनं निघायची. दोन महिन्यांत मुलांनी माझं नावही ठेवून टाकलं, ‘चित्राच्या बाई’. सर मात्र शेवटपर्यंत ‘आर्ट्सच्या बाई’च म्हणत राहिले.

पहिल्या शनिवारी मी सगळ्यांना कागद वाटले आणि म्हटलं, ‘‘काढा बघू आपापल्या आवडीचं चित्र.’’ अर्ध्या तासात एकतीस कागद माझ्यापुढे आले. सगळ्यांवर दोन त्रिकोणी डोंगर. मधून उगवणारा, किरणांचे काटे असलेला सूर्य. डोंगरातून येणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं एक झाड आणि आभाळात इंग्रजी ‘एम’सारखे चार पक्षी. एकतीसच्या एकतीस! मैत्रिणींनो, हसू नका. तुम्हीही हेच चित्र काढत होतात. मी पण. बहुधा आपल्या आयांनीही हेच काढलं असेल.

मी मुलांना खिडकीशी नेलं. ‘‘बाहेर काय दिसतंय?’’ ऊस. ऊसच ऊस. एका गुऱ्हाळाचं धुराडं. उकिरड्यावर दोन कोंबड्या, पलीकडे म्हशी, आणि लांबवर पन्हाळ्याची सरळ, सपाट रेघ. त्या खिडकीतून ना नारळ दिसत होता, ना त्रिकोणी डोंगर.

‘‘मग हे का नाही काढलं रे कुणी? ऊस?’’

एक चौथीतली मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला काहीच कळत नाही. म्हणाली, ‘‘ऊस काय चित्र असतंय व्हय, बाई?’’

ते वाक्य मी बसमध्ये घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. ज्या पिकावर अख्खं गाव उभं आहे, ज्याच्या बांधावर ही मुलं मोठी होतात, ते त्यांना चित्रात घेण्याजोगं वाटत नाही. चित्र म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं काहीतरी, आपण फक्त ते न चुकता उतरवायचं. आणि ज्याला उतरवता येत नाही, त्याला ‘चित्रकला येत नाही’. माझ्यासारखं!

कोल्हापूरला आम्ही मोठ्या अभिमानानं ‘कलापूर’ म्हणतो. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर ही नावं इथं घराघरांत घेतली जातात. पण प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकातला चित्रकलेचा तास म्हणजे बहुतेक ठिकाणी राहिलेलं गणित पूर्ण करण्याची सोय. यात मी त्या दोन शिक्षकांना दोष देत नाही. चार वर्ग, पोषण आहार, सतराशे साठ अहवाल... आणि प्राथमिकला वेगळा चित्रकला शिक्षक कुठून असणार?

मग मी ठरवलं, मला चित्र काढता येत नाही तर मी फळ्यावर चित्र काढायचंच नाही. नमुना नसला की उतरवायचं काय? त्याऐवजी हाताला काम द्यायचं. आणि हाताच्या कामाच्या बाबतीत आपण बायका काही कमी नसतो!

सुरुवात रंगांपासून केली. मंडळानं तेलकट खडूंच्या पेट्या घेऊन दिल्या होत्या. महिन्याभरात निळा आणि हिरवा संपले, तपकिरी तसाच्या तसा. मग स्वयंपाकघर कामाला लावलं. कोळसा, गेरू, नीळ, हळद. हळदीच्या पाण्यानं पूर्ण कागद रंगवायचा, वाळवायचा आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर काढायचं. काडी फिरेल तिथं लालभडक रेघ! पदरावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आपल्याला रोजचं. त्या मुलांना मात्र जादूगार आल्यासारखं झालं. तसंच जास्वंदीचं. पाकळी कागदावर चोळली की लाल फुलातून जांभळट निळा रंग उतरतो, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी. पुढच्या शनिवारी गावातल्या एकाही जास्वंदीवर फूल राहिलं नव्हतं, आणि एक आजीबाई काठी टेकत शाळेत भांडायला आल्या होत्या. देवाला फूल उरलं नाही म्हणून! त्यांचंही बरोबरच होतं. नंतर आम्ही गळून पडलेलीच फुलं वापरायचा नियम केला.

ब्रश म्हणजे कडुनिंबाची काडी चावून केलेला. त्यावरून सुचलं म्हणून मुलांनी चोथा झालेल्या उसाच्या चिपाडाचाही ब्रश केला. तो जाड, केसाळ. पण त्यानं जी रेघ उमटायची, ती कुठल्याही विकतच्या ब्रशनं उमटली नसती. त्याच ब्रशनं पहिल्यांदा कुणीतरी ऊस काढला. कसं झालं, तर रेघा ओढता ओढता एकजण म्हणाला, ‘‘आरं, ह्यो तर ऊसच झाला!’’ मग काय, सगळ्यांच्या कागदावर ऊस. आडसाली, खोडवा, तुरे आलेला, लोळलेला, कारखान्याला निघालेला... मला त्यातले अर्धे शब्द नवे होते. मुलं मला शिकवत होती.

भाज्यांचे ठसे तर तुम्हाला ठाऊकच असतील. भेंडी आडवी कापली की पाच कोनांचं फूल, कांद्याची वर्तुळं, कारल्याची नक्षीदार कड. एक सांगते, बटाट्यात आकार कोरायला लहान मुलांच्या हाती सुरी देऊ नका, जुन्या चमच्याचा दांडा पुरतो. आणि कागद चिकटवायला कणकेची किंवा मैद्याची खळ घरीच करा, पण आपल्या आज्या कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायच्या, तो मुलांसाठी अजिबात नको. तो विषारी असतो. थोडी थोडी, त्या दिवसापुरती खळ शिजवायची आणि उरली तर टाकून द्यायची.

सगळं काही साधलं असं नाही. माझ्या सासूबाई वर्तमानपत्राचा लगदा करून त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायच्या आणि जुन्या परड्या, सुपं त्यानं लिंपायच्या. त्यांची एक परडी अजून माझ्याकडे आहे, दगडासारखी टणक. मला वाटलं, वा, याचे मुखवटे करू! पालथ्या मडक्यावर लगदा थापून चाळीसेक मुखवटे केलेही. महिना होता ऑगस्ट. कोल्हापूरचा पाऊस! आठ दिवसांनी जाऊन बघते तर प्रत्येक मुखवट्याला हिरवीगार दाढी आलेली आणि वर्गात नाक धरून बसायची पाळी. सर काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा सगळं सांगत होता. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, लगदा दिवाळीनंतर करायचा असतो. पावसाळ्यात कुणी करतं का?’’ हे आधी विचारायला हवं होतं, नाही का?

मातीचा तास मात्र मला शिकवावाच लागला नाही. आमच्या भागात पावसाळा म्हणजे मातीचा हंगाम. आषाढात बेंदूर, त्याला मातीचे बैल. श्रावणात पंचमीचा नाग. मग गणपती. शहरात आम्ही हे सगळं कुंभार गल्लीतून विकत आणतो, साच्यातलं, रंगवलेलं. या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी बैल अजून हातानंच होत होते. तळ्याकाठची काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात राख आणि बारीक भुसकट मिसळायचं, हे मला दुसरीतल्या मुलीनं सांगितलं. शिंग नुसतं चिकटवलं तर वाळल्यावर गळून पडतं. त्यासाठी दोन्हीकडे काडीनं ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. पाय जाड ठेवायचे. वाळवायचं सावलीत, वर ओलं फडकं टाकून, हळूहळू. उन्हात ठेवलं की संपलं.

आता सांगते ती गोष्ट २०१८ सालची. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

त्या वर्षी बेंदराला मुलांनी केलेले बैल आम्ही शाळेतच ठेवून घेतले. पंधरा ऑगस्टला गावकरी, पालक येतात, केंद्रप्रमुख येणार होते, तेव्हा प्रदर्शन मांडू असं ठरलं. चौदा तारखेला दुपारी मी मुद्दाम शाळेत गेले. मुलं घरी गेली होती. टेबलावर पांढरं कापड घातलं, बैल ओळीनं मांडले. आणि मांडल्यावर ते मला एकदम... कसं सांगू, ओबडधोबड वाटायला लागले. कुणाचं पोट फाटलेलं, कुणाची मान आखडलेली. सर म्हणाले, ‘‘जरा नीट करून ठेवा मॅडम, पाहुणे येणार आहेत.’’ त्यांनी सांगितलं नसतं तरी मी ते केलंच असतं, हे कबूल करते. एव्हाना मला त्या कामाचा अभिमान वाटायला लागला होता ना! ‘चित्राच्या बाईं’चं प्रदर्शन होतं ते.

तीन तास बसले. वाटीत पाणी, चिंधी, पॉलिश पेपर. भेगा बुजवल्या, पाठी गुळगुळीत केल्या. तिसरीतल्या एका मुलाच्या बैलाला एकच शिंग होतं. दुसरं पडलं असणार, असं समजून मी मातीत फेव्हिकॉल कालवून पहिल्याच्या जोडीचं, छान बाकदार शिंग करून बसवलं. मग सगळ्या बैलांना पांढरा रंग दिला आणि शिंगांना लाल, हिंगुळासारखा. फार देखणे दिसायला लागले. मी मोबाइलवर फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा टाकले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, मुलांना आत सोडलं. मुलं आपापला बैल शोधायला लागली. काहींना सापडले, काही गोंधळली, मग पायावरून, बोटाच्या खुणांवरून ओळखलं. काहीजण खूषही झाली, ते खोटं कशाला सांगू. तो तिसरीतला मुलगा मात्र एकदा टेबलावरून नजर फिरवून दाराशी जाऊन उभा राहिला. मी हाताला धरून त्याला त्याच्या बैलापाशी आणलं.

‘‘ह्यो माझा न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘अरे, तुझाच. बघ, किती छान दिसतोय.’’

‘‘न्हाई.’’

रडला नाही, चिडला नाही. हात सोडवून घेतला आणि परत दाराशी गेला. थोड्या वेळानं त्याची आई आली. रानातून तशीच आली होती, पदरानं हात पुसत. ‘‘आमचा कंचा?’’ म्हणून तिनं विचारलं. मुलगा म्हणाला, ‘‘माझा न्हाई ठेवलेला.’’ मी पुढे होऊन बैल दाखवला. तिनं तो बघितला, जरा हसली आणि अगदी सहज म्हणाली, ‘‘मग बरोबर हाय त्याचं. आमच्या बैलाला उजवं शिंग न्हवतं बघा. वासरू असतानाच मोडलेलं. मे म्हयन्यात वडगावच्या बाजारात घातला त्याला. आता ट्रॅक्टर येतोय नांगराय, बैल ठेवून काय करायचं? ह्यो लई लळा लावून बसलेला.’’

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यानं बैल केलाच नव्हता. त्यानं त्याचा बैल केला होता. आणि मी त्याला बाजारात मिळतो तसा एक बैल करून दिला होता, दोन शिंगांचा.

प्रदर्शन संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, ‘‘माझं चुकलं रे. आपण परत करूया का? माती आणू.’’ त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. ‘‘आता बेंदूर झाला की बाई. आता कोण बैल करतंय? आता गणपती.’’

घरी आले. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं होतं, ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. माझी मुलगी तेव्हा नुकतीच कॉलेजला गेली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, माझ्या किल्ल्याचं काय मग?’’

तिच्या तिसरीतला थर्माकोलचा किल्ला. शहरातली इंग्रजी माध्यमाची शाळा, दर महिन्याला ‘प्रोजेक्ट’. थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, त्याआधी त्याच्या पांढऱ्या गोळ्या आमच्या सोफ्याखाली कायमच्या वस्तीला असत. प्रोजेक्ट द्यायचं मुलांना आणि करायचं आयांनी, हे इतकं सर्रास होतं की आम्ही आया शाळेच्या गेटवर एकमेकींना ‘तुझं झालं का?’ असंच विचारायचो. ‘तुझ्या मुलीचं’ नव्हे, ‘तुझं’! त्या किल्ल्यासाठी मी रात्री एकपर्यंत जागले होते. बुरूज, तटबंदी, कमानीचा दरवाजा. पहिला नंबर आला. प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय. आणि मुलीनं स्वतः केलेला, शाळेला न नेलेला पुठ्ठ्याचा किल्ला होता, वाकडा, त्याच्यावर तिनं वाळत घातलेले कपडे दाखवले होते. किल्ल्यात माणसं राहतात तर कपडे धुतच असतील ना, असं तिचं म्हणणं. तो मी नंतर रद्दीत घातला. मला आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं. तिनं पाचवीनंतर चित्र म्हणून काही काढलं नाही, हेही मला त्या रात्री लक्षात आलं.

‘‘तू किती छान करायचीस गं, म्हणून मी करणंच सोडलं,’’ ती म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी थोडं वाचायला लागले. देवीप्रसाद यांचं कलाशिक्षणावरचं पुस्तक हाती आलं. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, १९४४ पासून अनेक वर्षं मुलांना चित्रकला शिकवत होता. गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत, जिथं सूत कातणं, शेती, हाताचं काम हेच शिक्षण. मला वाटायचं, तिथं चित्रकलेला कुठं जागा असेल? तर त्यांनी तिलाच शिक्षणाच्या मुळाशी ठेवलेलं. आणि तिकडे डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले, काड्या हेच बालशिक्षणाचं साहित्य केलं. हे सगळं आपल्याच राज्यात होऊन गेलेलं आणि मी आपली थर्माकोल कापत बसले होते!

नियम एकच केला. मुलाच्या कामाला मोठ्या माणसाचा हात लागणार नाही. माझा नाही, सरांचा नाही, आईचा नाही. वाचायला सोपा आहे, पाळून बघा! मूल शिंग चिकटवतंय, ते तिसऱ्यांदा गळून पडतंय आणि तुमचे हात शिवशिवतायत. ‘थांब, मी देते’ हे शब्द आईच्या तोंडून बाहेर पडायला अर्धा क्षणही लागत नाही. मी पाठीमागे हात बांधून वर्गात फिरायला लागले. मुलं मला हसायची, ‘बाई पोलिसावानी फिरत्यात’ म्हणायची. पालकांच्या तक्रारी आल्याच. ‘पोराला काय शिकीवताय? ह्ये काय चित्र म्हणायचं?’ एका वडिलांनी तर चित्र माझ्यापुढे धरून ‘ह्यात म्हैस कुठं हाय ते दाखवा’ असं आव्हानच दिलं. मलाही दिसत नव्हती. मी त्यांच्या मुलीला बोलावलं. तिनं सांगितलं की म्हैस पाण्यात बसली आहे, वर फक्त नाक. होतं बघा, दोन टिंबं!

२०१९ च्या बेंदराला तो मुलगा चौथीत होता. त्यानं बैल केला. या वेळी दोन शिंगांचा, पण बसलेला, मान वळवून पाठीवरची माशी बघणारा. कुणाचा, ते मी विचारलं नाही. वाळल्यावर तो त्यानं कपाटाच्या अगदी वर, सरांच्या खुर्चीवर चढून ठेवला आणि खाली उतरून मला म्हणाला, ‘‘बाई, त्याला हात लावायचा न्हाई.’’

‘‘नाही लावणार,’’ मी म्हटलं. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं.

आणि पंधरा ऑगस्टच्या आधीच पंचगंगेला महापूर आला. २०१९ चा तो पूर आम्ही कोल्हापूरकर विसरणं शक्य नाही. गावंच्या गावं बोटीतून हलवली. शाळा बुडाली. पाणी कपाटाच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मंडळाच्या बायका खराटे, बादल्या घेऊन साफसफाईला गेलो, तेव्हा वर्गात घोटाभर गाळ होता. भिंतीवरची चित्रं गेली. बैल कच्च्या मातीचे, भाजलेले थोडेच होते? एकाचाही पत्ता नव्हता. कपाट आडवं पडलं होतं.

शाळा भरली त्या पहिल्या शनिवारी मी नुसते कागद ठेवले. काही सांगितलं नाही. एका मुलीनं गेरू आणि त्या गाळातलीच माती कालवून सगळा कागद खालपासून वरपर्यंत तपकिरी रंगवला. अगदी वरच्या कोपऱ्यात बोटभर पांढरी जागा, तिथं एक हेलिकॉप्टर. पूर्वीची मी असते तर ‘पाणी निळं असतं गं’ म्हटलं असतं. या वेळी नुसती शेजारी बसले. तीच म्हणाली, ‘‘पुराचं पाणी च्यासारखं असतंय बाई. दुधाच्या च्यासारखं.’’ आणि हातातली काडी बुडवून ती पांढरी जागाही थोडी आणखी कमी केली.

मला तो चौथीतला मुलगा कुठे दिसेना. बाहेर येऊन बघितलं तर शाळेच्या मागच्या बाजूला, आम्ही वर्गातून काढलेल्या गाळाच्या ढिगापाशी तो उकिडवा बसला होता. सोबत आणखी तिघं. गाळातले खडे वेचून बाजूला काढत होते, माती मळत होते.

‘‘काय चाललंय रे?’’

‘‘गणपती जवळ आला न्हवं,’’ तो मान वर न करता म्हणाला. मग चिमूटभर माती बोटांत चोळून मला दाखवली. ‘‘लई झ्याक माती हाय बाई. भुसकट घालाय लागायचं न्हाई. हिला भेगा पडत न्हाईत.’’

मी हात पाठीमागे बांधले आणि त्यांच्याजवळ एका दगडावर बसून राहिले.